ओल्या घोंगडीची साधना

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. पुस्तकात लिहिलंय की साधकाने स्वतःच्या प्रगतीची नोंद ठेवावी, म्हणजे पुढे मागे वळून बघताना आश्चर्य वाटतं. वही दुकानातलीच, दोनशे पानी. बहुतेक पुरणार नाही.

मी, चांगदेव. वय बावन्न. अवसरी खुर्दच्या फाट्यावर झेरॉक्स आणि स्टेशनरी. बाहेरून लोकांना एवढंच दिसतं. आतून मी गेल्या वर्षभरात तिबेटी गूढविद्या आणि समांतर विश्वं या विषयावरची अकरा पुस्तकं संपवली आहेत. सगळी मराठीत, सगळ्यांच्या कव्हरवर बर्फ. यातल्या एका लेखकाने सात वर्षं गुहेत काढली, असं मागच्या बाजूला छापलंय. एवढं वाचन आख्ख्या आंबेगाव तालुक्यात कुणाचं नसेल.

संकल्प: रोज साडेचारला उठणे. तीन तास मौन. मटण बंद. चिडायचं नाही. महाशिवरात्रीपर्यंत सिद्धी, निदान एक.

आज सहा वाजले कारण थंडी फार होती. उद्यापासून साडेचार.

२ डिसेंबर

सात-चाळीसला उठलो. पण यात निराश होण्यासारखं काही नाही. समांतर विश्वांच्या पुस्तकाप्रमाणे प्रत्येक निर्णयाच्या क्षणी विश्वाच्या दोन प्रती निघतात. एका प्रतीत मी झोपून राहिलो, दुसऱ्या प्रतीत साडेचारला उठून बसलो. म्हणजे संकल्प पाळला गेला, फक्त दुसरीकडे. मोठमोठ्या लोकांना हे समजायला इतकी वर्षं लागली. मला लगेच समजलं, कारण धंदाच झेरॉक्सचा.

नंदाला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, त्या दुसऱ्यानं मोटार चालू केली का इचारा, टाकी रिकामी हाय.

बायको चांगली आहे, पण स्थूल पातळीवर आहे.

४ डिसेंबर

मौनाचा पहिला दिवस. दुकानात खुणांनी बोललो. अकरा वाजता एका गिऱ्हाइकाने विचारलं, दाढ दुखती का? मान हलवली, ती त्याने होकारार्थी घेतली. दुपारपर्यंत फाट्यावरच्या चौघांनी लवंगा आणून दिल्या. एकाने त्याची स्वतःची काढलेली दाढ कागदात बांधून दाखवायला आणली.

सव्वादोनला एक विद्यार्थी तीनशे पानं कलरमध्ये काढायला निघाला तेव्हा मौन सोडावं लागलं, कलर कार्ट्रिज संपलं होतं. एकूण मौन: साडेचार तास. ठरवल्यापेक्षा दीड तास जास्त.

७ डिसेंबर

मोठी प्रगती. माणसांभोवती पिवळं वलय दिसू लागलं. सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाभोवती. एका पोरीभोवती तर इतकं स्पष्ट होतं की मी तिला पुढे मोठी होशील असं सांगून टाकलं. ती म्हणाली, काका, बॅक टू बॅक काढायचे होते, तुम्ही सिंगल काढलेत.

९ डिसेंबर

ट्यूबलाइट बदलली. वलय दिसत नाही. बहुधा ती शक्ती मीच आवरून घेतली. पुस्तकात स्पष्ट म्हटलंय की साधकाने सिद्धींमध्ये अडकू नये.

११ डिसेंबर

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या आरती मॅडम पेपर काढायला आल्या होत्या. मशीन चालू असताना त्यांना विचारलं की समांतर विश्वात जायचा रस्ता कुठून आहे. त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या की तो गणिताचा अर्थ लावायचा एक प्रकार आहे, जाता-येता येत नाही आणि आहेत की नाहीत हेही कुणाला माहीत नाही. मी हसलो, पण मनातल्या मनात. शिकलेली माणसं "माहीत नाही" किती पटकन म्हणतात. माझ्या अकरापैकी एकाही पुस्तकात हे वाक्य नाही.

१४ डिसेंबर

अंतर्ज्वालेचं प्रकरण वाचायला घेतलं. तिबेटात लामा बर्फात उघडे बसतात. अंगावर ओलं कापड घेतात. नाभीत ज्वाला पेटवतात. कापड वाळतं. मग दुसरं ओलं कापड. एका बैठकीत जो जास्त कापडं वाळवेल तो मोठा.

नेमकी कृती सुरू होते तिथे पान ११२ संपतं. पुढे पुन्हा ९७ ते ११२ आणि मग एकदम १२९. आधी वाटलं बाइंडिंगवाल्याची चूक. पण तीच सोळा पानं दोनदा आणि गुप्त विद्येचीच सोळा पानं गायब, हा योगायोग कसा असेल? ज्ञान लायक माणसाला पानांवाचून मिळतं, असा त्याचा अर्थ. मी सोळा पानं दोनदा वाचली.

१६ डिसेंबर

ठरलं. अंतर्ज्वालाच. वलयं, मौन वगैरे प्राथमिक गोष्टी होत्या.

१८ डिसेंबर

आज नंदाने पेटीतली घोंगडी उन्हात टाकली. तिच्या वडिलांची, म्हणजे माझे सासरे भागूमामा यांची. मामांनी जन्मभर मेंढरं राखली. स्वतःच्या मेंढ्यांची लोकर कातरून विणून घेतलेली ही शेवटची घोंगडी. शेवटचे दोन हिवाळे ते हिच्यातच झोपले. त्यांना जाऊन तीन वर्षं होतील. दर वर्षश्राद्धाला ही घोंगडी चार घड्या करून पाटावर अंथरायची, वर मामांची काठी ठेवायची आणि पुढे ताट मांडायचं, ही त्यांच्या घरची रीत. मामांच्या ठिकाणी घोंगडी. यंदा तिथी एकवीस जानेवारीला येते.

उन्हातून काढताना नंदाने नेहमीप्रमाणे घोंगडीत तोंड घातलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मेंढरं, तंबाखू, चुलीचा धूर, असा काहीतरी वास तिला येतो. "आबा" म्हणते आणि घडी घालते. नव्या कडुनिंबाच्या पाल्यासकट घोंगडी पुन्हा पेटीत.

पुस्तकात याला आसक्ती म्हणतात. तिला हळूहळू सांगावं लागेल.

२२ डिसेंबर, रविवार

गच्चीवर पहिला प्रयोग. नंदाने चादर दिली नाही. म्हणाली, चादरी मोजून ठिवल्यात. टॉवेल ओला करून घेतला. चार मिनिटांत शिंका. टॉवेल वाळला नाही.

दोष माध्यमात आहे. टॉवेल सुती, त्यातही अर्धा नायलॉन. लामा लोक लोकरीच्या प्रदेशातले. शुद्ध लोकर पाहिजे, ती सुद्धा कुणीतरी पुण्यवान माणसाने वापरलेली, म्हणजे लहरी शिल्लक असतात.

घरात अशी एकच वस्तू आहे.

२४ डिसेंबर

खूप विचार केला. घोंगडी नेली तर काय बिघडणार? भिजेल, ज्वालेने वाळेल, परत पेटीत. उलट मामांच्या आत्म्याला गती. नंदाला आधी सांगितलं तर ती नाही म्हणेल आणि मग तिच्या मनाविरुद्ध नेल्यासारखं होईल. त्यापेक्षा न सांगता नेलेली बरी.

२९ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

हा दिवस माझ्या चरित्रात येईल. थंडी कमी पडू नये म्हणून वर घाटमाथ्यावर आहुप्याला गेलो. नंदाला सांगितलं, मंचरला टोनर आणायला चाललोय. स्कूटरवर पुढे गोणीत घोंगडी. पहाटे निघणार होतो, आठला निघालो. घोडेगाव सोडल्यावर बोटं वाकेनाशी झाली, डिंभ्याच्या पुढे नाक आहे की नाही ते कळेना. उत्तम लक्षणं.

देवराईच्या आत गेलो नाही, तिथला देव कडक आहे असं म्हणतात. बाहेरच्या ओढ्यावर जागा बघितली. शर्ट-बनियन काढलं, घोंगडी पाण्यात सोडली. इथे एक व्यावहारिक मुद्दा, पुस्तकात नसलेला: कोरडी घोंगडी आणि ओली घोंगडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ओली घोंगडी उचलायला दोन माणसं लागतात. मी ती ओढत काठावर आणली आणि तिच्याखाली शिरलो. मी बसलो असं म्हणता येणार नाही, तिनेच मला बसवलं.

डोळे मिटले. नाभीत ज्वाला. दात वाजत होते, ते मंत्राच्या लयीत वाजवले.

थोड्या वेळाने बाईचा आवाज. पावणं, कोन गेलं? गुरं घेऊन आलेली म्हातारी असावी. माणूस ओढ्यावर उघडा, डोक्यावरून ओलं, म्हणजे कुणाला तरी पोचवून आलाय, अशी तिची समजूत. मी मौनात. ती जवळ बसली. म्हणाली, रडा मोकळं, हितं कोन न्हाई बगाया. मी डोळे उघडले नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं, थंडीने. ते बघून तिची खात्रीच पटली.

आणि मग ते घडलं. पाठीकडून ऊब. आधी मंद, मग चांगलीच. नाभीऐवजी पाठीतून आली, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो. घोंगडीतून वाफ निघू लागली. मला रडू आलं, खरोखरचं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी करून दाखवलं होतं.

डोळे उघडले तर म्हातारीने माझ्या पाठीमागे शेकोटी केली होती.

मी यावर परतीच्या वाटेत पूर्ण विचार केलाय. ज्वाला पेटली हे महत्त्वाचं. ती कुठे पेटावी आणि कुणाच्या काडीपेटीने, हे निसर्ग ठरवतो. म्हातारीचं नाव ठकूबाई. कोरा चहा दिला. जाताना म्हणाली, घरला जावा, घरची मान्सं वाट बगत असत्याल.

३० डिसेंबर

ताप १०२. अंतर्ज्वालेचा यापेक्षा स्वच्छ पुरावा काय पाहिजे? थर्मामीटर नंदाने स्वतः लावला.

घोंगडी पूर्ण वाळली नव्हती, म्हणून दुकानात ठेवलीय, कागदाच्या रिमांच्या मागे, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. नंदाने विचारलं, पेटीत पाला बदलायचाय, चावी कुटं हाय? चावी माझ्या खिशात होती. हरवली म्हणालो. असू द्या म्हणाली.

२ जानेवारी २०२५

ताप उतरला. नव्या वर्षाचे संकल्प: साडेचार. मौन. मटण बंद (३१ तारखेचं धरायचं नाही, ते आजारपणातलं पथ्य होतं). घोंगडी वाळवून पेटीत.

दुकान उघडलं. वास. दोन विद्यार्थ्यांनी दारातूनच विचारलं, काका, आत बकरी मेलीय का? पिशवी उघडली. ओली लोकर चार दिवस कोंडली की तिचं काय होतं हे कोणत्याही पुस्तकात नाही.

३ जानेवारी

मार्ग निघाला. हॉस्टेलच्या पोरांची कपडे धुण्याची लाँड्री आहे, स्वराजची. मोठी मशीन. त्याने विचारलं, काका, काय हाय गोनीत? म्हणालो, पांघरूण. त्याने विचारलं, गरम पानी का गार? म्हणालो, जितकं होईल तितकं गरम. त्याने विचारलं, सुगंध टाकू का? मी म्हणालो, भरपूर टाक.

त्याला बाकी काही सांगितलं नाही. गुप्तता.

४ जानेवारी

A3 दिली होती, A4 आली.

नंतर लिहितो.

त्याच दिवशी, दुपारी

शांतपणे लिहितोय. घोंगडीत पूर्वी दोन माणसं झोपायची. आता ती माझ्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत पुरते. जाडी वाढलीय, पुठ्ठ्यासारखी. काठाचे पांढरे पट्टे वाकडेतिकडे होऊन एकमेकांत गेलेत. स्वराज म्हणाला, काका, लोकर हाय म्हनला न्हाईत, लोकरीला गरम पानी लावत असत्यात व्हय? पोरगा बरोबर बोलला, पण त्याने ते आधी बोलायला हवं होतं.

वास घेतला. लॅव्हेंडर. फक्त लॅव्हेंडर.

५ जानेवारी

काल रात्री जेवलो नाही. नंदाने विचारलं, उपास हाय का? म्हणालो, हो.

सांगून टाकावं असा विचार मनात आला होता. पण हा भित्रेपणा आहे. सोळा दिवस आहेत. सोळा दिवसांत माणूस काहीही करू शकतो.

६ जानेवारी

उत्तर पुस्तकातच होतं. ओढ्यावर मी घोंगडी पाण्यात सोडली त्या क्षणी विश्वाच्या दोन प्रती निघाल्या. दुसऱ्या प्रतीतल्या चांगदेवाने ऐन वेळी विचार बदलला आणि घोंगडी तशीच कोरडी घरी आणली. ती आत्ता, या क्षणी, पेटीत आहे. पाल्यासकट, वासासकट. म्हणजे घोंगडी नष्ट झालेलीच नाही. प्रश्न फक्त वाहतुकीचा आहे. तिकडे जायचं, घोंगडी उचलायची, इकडे यायचं.

पुस्तकाप्रमाणे दोन विश्वांची सीमा संधिस्थानी पातळ असते. दोन्हींमधली जागा. म्हणजे उंबरठा. दोन वेळांमधली वेळ. म्हणजे दिवेलागण. उद्यापासून.

७ जानेवारी

दिवेलागणीला उंबऱ्यावर पद्मासन घालून बसलो. नंदा बाहेरून लाइटबिल भरून आली. म्हणाली, उंबऱ्यावर बसू न्हाई, उटा. समजावलं की हा प्रयोग आहे. म्हणाली, लक्षुमी यायच्या वक्ताला दारात आडवं बसायचा कसला प्रयोग? उठलो.

८ जानेवारी

पुन्हा बसलो, मागच्या दाराला. पाय बधीर. काही क्षण स्वतःपासून वेगळं झाल्यासारखं वाटलं. मग मांडीत मुंग्या आल्या. दार उघडून आत पाहिलं तर तीच मोरी, तीच बादली. पेटीही तीच. कुलूप तसंच.

१० जानेवारी

गायब सोळा पानं सापडली! एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे तेच पुस्तक होतं, त्याच्याकडून मागवून ११३ ते १२८ झेरॉक्स काढली.

पान ११४ वर लेखक म्हणतो की त्याने हे स्वतः कधी पाहिलेलं नाही, दार्जिलिंगला एका चहावाल्याने सांगितलं. पान ११९ वर लिहिलंय की नवख्याने गुरूवाचून हे करू नये, न्यूमोनिया होतो. १२१ पासून पुढे चहावाल्याच्या पुतण्याची गोष्ट आहे.

पानं फाईल केली.

१२ जानेवारी, रविवार

जाण्यायेण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. मूळ प्रत आणि दुसरी प्रत यांत फरक असतो तरी कुठे? वीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, साहेब, ओरिजिनल ठेवा, ही लावा, कुणाला कळत नाही. सरकारी ऑफिसात चालतं, मग पाटावर का चालू नये?

जुन्नरला जाऊन काळी घोंगडी आणली. पांढरे पट्टे अगदी तसेच. फक्त नवीन आहे. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावलेली असते, म्हणून ती ताठ असते. इतकी ताठ की दुकानात मी तिला भिंतीला टेकवली तर उभी राहिली.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीची तीळ लावलेली भाकरी, मिसळीची भाजी. नंदा आज शांत होती. म्हणाली, आबांना ही भाजी लई आवडायची. मी म्हणालो, हो. पुढे ती काहीतरी बोलेल असं वाटलं. बोलली नाही. मीही बोललो नाही. बरं झालं.

१५ जानेवारी

घोंगडी जुनी करण्याचा कार्यक्रम. दोन दिवस दुकानात पायाखाली घेतली. तिच्यावरून स्कूटर चारदा नेली. आता मऊ झालीय, निदान वाकते. राहिला वास.

माझा मेव्हणा म्हस्कू, नंदाचा धाकटा भाऊ, अजून मेंढरं राखतो. सध्या त्याचा मेंढरांचा वाडा घोडेगावच्या अलीकडे एका शेतात बसलाय. शेतात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, शेतकरी त्याला धान्य देतो. दीडशे मेंढरं आहेत. एवढा वास दुसरीकडे कुठे मिळणार?

१७ जानेवारी

सकाळी साडेसहाला म्हस्कूच्या वाड्यावर. तो नसेल असा अंदाज होता. पण होता. थंडीने गवत पांढरं पडलेलं आणि हा एका सदऱ्यावर, अनवाणी, दगडाच्या चुलीवर चहा ठेवत होता. थंडी वाजत नाही का विचारलं तर म्हणाला, वाजती की, काय करायचं तिला? या लोकांना साधनेची काही कल्पनाच नसते.

मी म्हणालो, सहज आलो. त्याने माझ्या काखेतली घोंगडी घेतली, बोटाने एक धागा चोळला, बोट बघितलं. म्हणाला, दाजी, ही आबांची न्हाई. आबांच्या मेंढ्या मुळातच काळ्या व्हत्या, हिला रंग मारलाय. मग माझ्याकडे बघत राहिला. मी सगळं सांगितलं. लामांपासून लाँड्रीपर्यंत. तो आधी हसला. खूप हसला. मग आबांची कुटं हाय म्हणाला. मी स्कूटरच्या डिकीतून काढली. डिकीत बसते आता.

त्याने ती दोन्ही हातांवर घेतली. हसायचा थांबला. म्हणाला, एकांद्या कोकराला व्हईल.

तुझ्या आक्काला सांगू नको म्हणून विनवलं. म्हणाला, मी न्हाई सांगत, तुमी सांगा. नवी घोंगडी मात्र त्याने मेंढरांत टाकू दिली. म्हणाला, टाका, पर दाजी, मेंढराचा वास येगळा आन बापाचा येगळा.

२० जानेवारी

तीन दिवस तीन मेंढ्या बसून उठल्या. वास जबरदस्त. थोडी तंबाखू चुरगाळून घातली. आज नंदा दळणाला गेली तेव्हा पेटीत ठेवली, पाल्यासकट, आणि चावी "सापडली" म्हणून खुंटीला लावली. वीस वर्षांच्या धंद्यात इतकी हुबेहूब प्रत काढली नव्हती. उद्या काही होणार नाही.

२१ जानेवारी. दुपारी दीड

काही झालं नाही!

म्हस्कू आला, भावकीतले चारपाच जण आले. नंदाने पेटी उघडली, घोंगडी काढली, नेहमीसारखं तोंडाजवळ नेली. माझा श्वास आपोआप रोखला गेला, पुस्तकात याला कुंभक म्हणतात. तिने चार घड्या केल्या. पाटावर अंथरली. काठी ठेवली. ताट मांडलं. सगळ्यांनी नमस्कार केला, जेवले. म्हस्कूने मान वर केली नाही, पण जेवला व्यवस्थित.

सिद्ध झालं. पाहणाऱ्याने जे मानलं तेच खरं, हे पुस्तकातलं वाक्य मी आज जगून दाखवलं. दुपारी जरा झोपतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

सगळे गेल्यावर नंदा माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, आता आबांची आना.

मी म्हणालो, कुठली? म्हणाली, दुकानात कागदाच्या मागं व्हती, आता गाडीच्या डिकीत हाय ती.

तिला तीन आठवडे माहीत होतं. त्या पेटीच्या कुलपाला चावी लागतच नाही, आपटलं की उघडतं. रिकामी पेटी तिने तीस तारखेलाच बघितली. ताप होता म्हणून तेव्हा विचारलं नाही. पुढे दुकानातला ओल्या लोकरीचा वास तिने ओळखला, मला डिकीत गोणी कोंबताना बघितलं, पण विचारायचं नाही असं ठरवलं. म्हणाली, रोज वाटायचं, आज सांगत्याल. भोगीला वाटलं, आता सांगत्यालच.

आणली. तिने मांडीवर घेतली. वास घेतला. मग उलटी केली, तिकडून घेतला. मग एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. चारी कोपरे तिने एकेक करून हुंगले. शिवण उचकटून आत नाक घालून बघितलं. मग ती रडायला लागली. मामा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती, तेव्हा लोक होते.

मला फार वाईट वाटलं. आत्ताही वाटतंय.

२२ जानेवारी. सकाळी

गप्प बसवेना, म्हणून चहाच्या वेळी नंदाला समजावायला गेलो. हे तिला कळलं तर बरं वाटेल असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. सांगितलं की ओढ्यावर त्या क्षणी दोन विश्वं झाली. एका विश्वात घोंगडी गेली. पण दुसऱ्यात ती जशीच्या तशी पेटीत आहे, वासासकट. म्हणून तसं काही गेलेलं नाही.

आज पहिल्यांदाच तिने मध्ये न बोलता सगळं ऐकलं. मला वाटलं, टाकी रिकामी आहे म्हणेल, किंवा मग तिकडंच जाऊन ऱ्हावा म्हणेल. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

तिने विचारलं, मग तितं आबा हाईत का?

चेष्टेने नाही. डोळे सुजलेले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. हे मी कधीतरी कुठेतरी वाचलं असेल, मला माहीत असेल, अशा नजरेने. वर्षभर मी तिला जे काही सांगत आलो त्यातला हा एकच प्रश्न तिने मला खरोखरच विचारला होता. अकरा पुस्तकं डोक्यात उलटीपालटी केली. गुहा होत्या, हवेत उडणारे लामा होते, बर्फ होता. भागू नावाचा मेंढपाळ तिथे जिवंत आहे की नाही, हे एकानेही लिहिलेलं नाही. आहेत म्हणून सांगायला तोंड उघडलं. तिच्या तोंडाकडे बघून सांगता आलं नाही.

माहीत नाही, म्हणालो.

तिने उरल्यासुरल्या घोंगडीची घडी घातली. घोंगडी मी भिजवली, मीच गरम पाण्यात घालायला सांगितली, एवढं मग मी सांगितलं. व्हय, म्हणाली, आणि चहाचे कप उचलून मोरीत नेले.